व्हिएतनामचा बिनफोडणीचा रस्सा

पुस्तक मी वाचायला आणलं नव्हतं. चौथीत मास्तरांनी आणि मी मिळून ठरवलं की आता पुरे, त्यामुळे वाचायचा प्रश्नच नव्हता. मी रंगारी. आमच्या दिंडोशीतच एका टॉवरमध्ये काम चालू होतं, तिथल्या मॅडमनी जाड गुळगुळीत पानांचं एक पुस्तक रद्दीत काढलेलं. म्हटलं झकास, किचनच्या फळ्यांवर घालायला कागद झाला. तेल सांडलं तरी फडक्याने पुसता येईल.

घरी येऊन पहिलं पान फाडायला घेतलं, तर बायको पलंगावरून म्हणाली, "आधी दाखवा."

तेवढं बोलली हेच खूप होतं. तिला कावीळ झाली होती. कावीळ उतरली, डोळे परत पांढरे झाले, पण भूक काही आली नाही. दोन चमचे पेज खायची आणि भिंतीकडे तोंड करायची. शेजारी कुणी कांदा परतला तरी इकडे हिला मळमळायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "पुढच्या सोमवारी आणा. वजन अजून उतरलं तर ॲडमिट करावं लागेल. आणि तेल-तूप अजिबात नको."

तिथे तिने मुकाट मान हलवली. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "मला तिथे ठेवू नका हां. आई अशीच ॲडमिट झाली ती घरी आलीच नाही."

"नाही ठेवणार," मी म्हटलं. असे शब्द मी आयुष्यात बरेच दिलेत. एका गिऱ्हाइकाला दिवाळीआधी हॉल पुरा करून देतो म्हटलेलं, त्या माणसाने दिवाळी माझ्या शिडीखाली केली. त्यामुळे शब्द दिल्यावर मला माझीच भीती वाटायला लागली.

पुस्तक व्हिएतनामचं निघालं. तिकडे रस्त्यावर जे काय खातात ते घरी कसं करायचं, त्याचं. ती नववीपर्यंत शिकलेली, इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचते. मी फोटो वाचतो. दसरा होऊन गेलेला, ऊन नुसतं भाजत होतं. दुपारी मी कामाला दांडी मारून तिच्या बाजूला पडायचो आणि आम्ही पानं उलटायचो. पडद्यातून ऊन पिवळं होऊन यायचं, खिडकीतला डोंगर त्या उन्हात हलल्यासारखा वाटायचा, पंखा कर्र कर्र करायचा, आणि आम्ही दोघं त्या रस्त्यावर जाऊन पोचायचो. बुटकी बुटकी प्लास्टिकची स्टुलं, निळी, लाल. टोपलीसारखी टोपी घातलेली एक बाई मोठ्या पातेल्यापाशी बसलेली, आणि वाफेत तिचं अर्धं तोंड गेलेलं.

"इथे बसू," बायको बोट ठेवायची.

"तिथे ऊन लागेल."

"मग त्या झाडाखाली."

"तिथे स्कूटर लावलीय ना."

"मग सरकवायला सांगा त्याला. तुम्हाला कुठे काही बोलता येतं?"

मग मी त्या स्कूटरवाल्याला शोधत हिंडायचो. हिंडता हिंडता झोप लागायची. त्या बाईच्या मागची भिंत पिवळी होती, पापुद्रे सुटलेली. मी झोपेतच ती घासायला पण घेतली होती. जाग आली की ही म्हणायची, "मघाशी तिकडे शिंतोडे पडून गेले," आणि बघतो तर मलाही तो रस्ता ओला दिसायचा. फोटो तोच, पान तेच.

बुधवारी ती एका पानावर थांबली. वाडगा होता. त्यात स्वच्छ रस्सा, तळाला पांढऱ्या शेवया, वर कोंबडीचे पातळ तुकडे, हिरवी पानं, लिंबाची फोड. दोन बोटं तिने त्या वाडग्यावर ठेवली आणि बराच वेळ उचललीच नाहीत.

"हे खाईन मी," म्हणाली.

आता आली ना पंचाईत. माझं स्वयंपाकाचं शिक्षण चहापर्यंत, तो पण उतू जातो. पण सोमवारला चारच दिवस उरले होते, आणि इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा काही मागितलेलं. गुरुवारी सकाळी कोंबडी आणली. ती पलंगावर पुस्तक घेऊन बसली, मी ओट्यापाशी.

"कांदा आणि आलं गॅसवर भाजा. सालीसकट."

"जळला गं."

"जळू द्या, तसंच लिहिलंय. तुम्हाला जमणारं पहिलंच काम आलंय."

मग दालचिनी, लवंगा आणि चांदणीसारखं ते बाद्यान. म्हटलं, ह्यांनी तर आपलाच मसाल्याचा डबा उघडलाय. फोटोत एक बाटली होती, तिच्यावर मासा. माशाचं खारं पाणी असतं म्हणे. ते मी सोडून दिलं. आमच्याकडे सुके बोंबील धुतलेलं पाणी गॅलरीत सांडलं तरी मजल्यावर सभा भरते. मीठ घातलं आणि कोंबडीची हाडं मंद गॅसवर ठेवून बसून राहिलो.

दोन तास. खोलीत असा वास भरला की भिंतीसुद्धा मऊ वाटायला लागल्या. ती डोळे मिटून पडली होती, पण तोंड आज भिंतीकडे नव्हतं, ओट्याकडे होतं. मी फोटो बघितला. वर घालायची पानं हुबेहूब तुळशीसारखी. खिडकीत कुंडी होतीच, मी हात पुढे केला.

"काय करताय?" डोळे न उघडता म्हणाली.

"चार पानं घेतो."

"कोंबडीत तुळस घालणार? राहू द्या ती. मी जाताना तोंडात घालायला लागेल."

मी हात मागे घेतला. मग तीच म्हणाली, "कोथिंबीर घ्या, पुदिना घ्या. तिकडच्यांना काय कळतंय."

आता इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पातेल्यात बघितलं तर रस्सा पातळ, सोनेरी, वर काहीच नाही. मला तो उघडा वाटला. आमच्याकडे साधं वरण पण फोडणीशिवाय पानात येत नाही. आणि माझा धंदाच असा की शेवटचा हात मारल्याशिवाय भिंत सोडवत नाही. डोकं काही बोललंच नाही, हातच गेला. कढल्यात तेल, तेलात ठेचलेला लसूण, आणि ओतलं. चर्र झालं.

त्या आवाजासरशी मला डॉक्टरीणबाई आठवल्या. तोपर्यंत ही उठून मोरीकडे गेली होती. सकाळची पेज होती तेवढी बाहेर पडली. मी तिची पाठ धरली, तर माझ्या हाताला लसणाचा वास, म्हणून तिने हातही झटकला. शिव्या घातल्या असत्या तर मी रात्री झोपलो तरी असतो.

तो रस्सा दोन दिवस मी एकटा खात होतो. चांगला झाला होता, सांगायला लाज वाटते.

शुक्रवारी ती उसाच्या रसावर राहिली. शनिवारी पेजेला हात लावला नाही. हातातली बांगडी घसरत कोपरापर्यंत जायची, ती परत मनगटावर घ्यायचीही थांबली. संध्याकाळी मी पुस्तक फळीवर मागे ढकलत होतो, तेव्हा तिचा आवाज आला. "फोडणीच्या आधी बरोबर होतं ते. मला इथपर्यंत वास आलेला."

रविवारी सकाळी आंघोळ करून पहिलं काम काय केलं, तर तेलाचा कॅन उचलून शेजारी ठेवून आलो. शेजारीण म्हणाली, "काय हो भाऊजी, तेलाला पण माहेरी पाठवताय?"

"माझ्यावर भरवसा नाही वहिनी. मी मागायला आलो तरी देऊ नका."

परत कांदा जाळला, परत हाडं उकळत ठेवली. वाण्याकडच्या शेवयांचं पाकीट फोडायला गेलो तर ही म्हणाली, "त्या नकोत. फोटोत बघा, त्या तांदळाच्या आहेत. आपले शिरवाळेच ते. साचा काढा."

शिरवाळे म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे उकडून, गरम गरम साच्यातून पाडलेल्या शेवया. गावी नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. ते एकट्याचं काम नाही, एकाने साचा दाबायचा, दुसऱ्याने खाली ताट फिरवायचं. माळ्यावरून साचा काढला, घासला. पीठ तिने सांगितलं तसं उकडलं. आणि मग ती पलंगावरून उतरली. भिंत धरत आली, पाटावर बसली आणि दोन्ही हातांनी ताट धरलं.

"दाबा आता."

मी दाबला. काही येईना. आयुष्यभर छतं रंगवून खांदे झालेत म्हणून मी लोकांना दाखवत फिरतो.

"गोळा थंड होतोय. जोर कुठे गेला सगळा?"

दातओठ खाऊन दाबला तेव्हा एकदम पांढरे दोरे सुटले. तिच्या हातातलं ताट हळूहळू फिरत होतं, वाफ वर येत होती, आणि त्या वाफेत तिचं अर्धं तोंड गेलं. मला एक क्षण कळेना आपण कुठे आहोत, दिंडोशीला की तिकडे. मी बघतच राहिलो. इकडे दोरे तुटून लादीवर.

वाडग्यात शिरवाळे, वर कोंबडी, वर रस्सा, कोथिंबीर, पुदिना, लिंबू. फोडणी नाही. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तिने आधी वास घेतला. मग एक चमचा. मग वाडगा खाली ठेवला, आणि मी मोरीकडची वाट मोकळी केली. पण ती पदर सारखा करत होती. परत वाडगा उचलला, तोंडाला लावला आणि सरळ प्यायली.

"अजून आहे?" म्हणाली.

पातेल्यात बघितलं तर तळाला हाडं. दोन तास मी चव बघत होतो ना, मीठ बरोबर आहे का, नीट उतरलाय का. इतकी काळजी घेतली की रस्साच संपला.

ती पातेल्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "घरात आजारी माणूस कोण आहे?" म्हणाली. मी पिशवी घेतली आणि खाली कोंबडीवाल्याकडे पळालो. संध्याकाळी ती परत वाडगाभर प्यायली.

सोमवारी काटा आठवड्यापूर्वी होता तिथेच थांबला. डॉक्टरीणबाईंनी तिची जीभ बघितली, डोळे बघितले, म्हणाल्या, "बरं. घरीच राहू द्या, अजून आठवडा बघू." बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, नुसतीच औषधांची पिशवी छातीशी धरून बाहेर आली.

येताना रिक्षा मंडईपाशी थांबवायला लावली. म्हटलं, तू बस, काय हवं ते मी आणतो. "नको, लिंबं मी निवडते," म्हणाली आणि उतरली. ऊन भरपूर होतं. ती टोपलीपाशी उभी राहून एकेक लिंबू अंगठ्याने दाबून बघत होती, बाजूला ठेवत होती, परत उचलत होती. भाजीवाला म्हणाला, "मावशी, सगळीच दाबणार काय?"

"हो," ती म्हणाली.

मागे रिक्षावाला हॉर्न मारत होता. मी पिशवीचं तोंड उघडं धरून उभा राहिलो.