पाठीचं माप

दुकानात गिऱ्हाईक शिरलं की मास्तर गळ्यातला टेप हातात घेत आणि अर्धं पाऊल पुढे होत. ही त्यांची उभ्या आयुष्याची सवय. पण अलीकडे गिऱ्हाईक त्यांच्या खांद्यावरून मागे बघायचं आणि विचारायचं, "वहिनी आहेत का?"

मास्तर टेप पुन्हा गळ्यात टाकत. "आहेत की. आत्ता बोलावतो," असं हसून म्हणत आणि आतून जळून कोळसा होत.

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काजं करायची, बटणं लावायची, अस्तरं शिवायची. पुढे टेबलापाशी मास्तर. माप त्यांचं, खडू त्यांचा, कात्री त्यांची. कात्रीला तर बायकोनं हात लावलेलाही त्यांना खपत नसे. मास्तरांची एक शिस्त होती. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की ते हुकूम सोडत, "ताठ उभे राहा. छाती पुढे. खांदे मागे." भल्याभल्यांनी तो हुकूम पाळला. मास्तर म्हणत, "कोट माणसाला सरळ करतो. वाकड्या माणसासाठी वाकडा कोट शिवायला मी काय वेडा आहे?"

मग बायकोच्या आईची पाठ वाकली. म्हातारीचं कुठलंही पोलकं पाठीवर वर चढायचं आणि गळ्याशी बोचायचं. बायकोनं एका दुपारी आईला खुर्चीत बसवलं, ती जशी बसते तशीच बसू दिली आणि तसंच माप घेतलं. नवं पोलकं स्वतः बेतलं, स्वतः शिवलं. ते घालून म्हातारी आरशापुढून हलेना. आईच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींचे नवरे आले. एकाचा खांदा उतरलेला, दुसऱ्याची मान पुढे आलेली, तिसऱ्याला हात वर होत नाही. साठीला टेकलेली बाई मागच्या खोलीतून पुढे आली आणि टेबलाच्या एका कोपऱ्यावर तिनं आपली कात्री ठेवली.

मास्तरांची थोरली बहीण, आक्का, दुसऱ्याच दिवशी येऊन धडकली.

"अगं, नातवंडं खेळवायच्या वयात हे काय खूळ? परक्या पुरुषांच्या अंगाला टेप लावतेस! लोक काय म्हणतील? नवऱ्याला पोसता येईना म्हणून बायको पुढे बसली, असंच ना?"

मास्तर खाली मान घालून खडूला टोक काढत होते. त्यांच्या मनातलं सगळं बहीण फुकटात बोलत होती.

"वन्सं," बायको म्हणाली, "इतकी वर्षं त्याच पुरुषांची बटणं लावली, तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. आता बटणांच्या आतल्या माणसांचं माप घेते, एवढंच."

आक्का चहा न घेता गेली. मास्तरांना वाटलं होतं की बहिणीच्या तोंडापुढे कुणाचा टिकाव लागत नाही. बायकोचा लागला, आणि हेही त्यांना सहन झालं नाही.

वर्षभरात टेबलाचा कोपरा अर्ध्या टेबलाएवढा झाला. तिच्या बाजूला माणसं हसायची, गुडघेदुखी सांगायची, बसून राहायची. मास्तरांच्या बाजूला कात्रीचा आवाज तेवढा यायचा. ती खूश दिसायची, आणि तेच जास्त झोंबायचं. दमून, कुरकुरत काम करत असती तर मास्तरांनी तिला मोठ्या मनानं मदतही केली असती. ते आता एकाच गोष्टीची वाट बघत होते. कधीतरी ही चुकेल. एकदा तरी चुकेलच.

अशात जजसाहेब आले. निवृत्त न्यायाधीश, मास्तरांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. नातीच्या लग्नासाठी कोट हवा होता. मास्तर टेप सरसावून उभे राहिले. जजसाहेब काठी टेकत त्यांच्या समोरून गेले आणि बायकोच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "मास्तर, रागावू नका हं. पाठ आता ऐकत नाही."

"छे, छे! राग कसला?" मास्तर म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चांगल्या कापडावर चुकीची रेघ मारली.

कोट तयार झाला, खुंटीवर लागला आणि बायको आईला दवाखान्यात न्यायला माहेरी गेली. दुकानात मास्तर आणि तो कोट, दोघंच. मास्तरांनी आधी बघायचं नाही असं ठरवलं. मग नुसतं बघायचं ठरवलं. मग कोट टेबलावर पसरला, कडेला कड लावली आणि त्यांचे डोळेच चमकले.

मागची पाठ पुढच्या भागापेक्षा लांब होती. थोडीथोडकी नाही, चांगली चार बोटं!

एखाद्या शिकाऊ पोरानंही अशी चूक केली नसती. मास्तरांनी आनंदानं आक्कालाच बोलावून दाखवलं. "बघ. नाव कमवायला निघाल्या होत्या!" आक्का म्हणाली, "तू आहेस म्हणून निभावतंय रे बाबा." किती दिवसांनी कुणी असं म्हणालं होतं! दुसऱ्या एखाद्या दिवशी मास्तरांच्या हाताला तरी शंका आली असती, कारण हात जुना होता. पण जळणाऱ्या माणसाला आपला हातही ऐकू येत नाही. त्यांनी अस्तर उसवलं, पाठ कापून पुढच्या भागाशी बरोबर केली, पुन्हा शिवली, इस्त्री केली. कोट टेबलावर कसा छान सपाट बसला.

जजसाहेब कोट न्यायला आले तेव्हा बायको नुकतीच माहेरहून परतली होती. मास्तरांनी स्वतः कोट खुंटीवरून काढला. "साहेब, हिच्या हातून जरा गफलत झाली होती. मी सुधारली. घाला बिनधास्त."

जजसाहेबांनी कोट घातला. वाकलेल्या पाठीवरून कापड सरसर वर चढलं. समोरून कोट मांडीपर्यंत लोंबला आणि मागून कमरेशी येऊन थांबला. आरशात सगळं दिसत होतं. टेबलावर सपाट बसलेला कोट माणसावर बसत नव्हता, आणि का बसत नव्हता ते मास्तरांना एका क्षणात कळलं. वाकलेल्या पाठीला कापड जास्त लागतं. चार बोटं जास्त.

बायकोनं खालची कड उलटून बघितली. ताजी शिलाई बघून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आता ही आपल्याला चारचौघांत उघडं पाडणार, मास्तरांनी मनाची तयारी केली.

"साहेब, आमच्याकडून चूक झाली," ती म्हणाली. "लग्नाआधी नक्की देते."

'आमच्याकडून' या शब्दानं मास्तरांना थोबाडीत मारल्यासारखं झालं.

जजसाहेब कोट उतरवत म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? तुमच्याकडे मी नेहमी ताठ उभा राहायचो. घरी गेलो की कोट मानेला बोचायचा. बायकोला म्हणायचो, कोट उत्तम आहे, आपणच वाकडे. कधी तक्रार केली नाही."

ते गेल्यावर बायकोनं कोट टेबलावर पसरला आणि उरलेलं कापड शेजारी मांडलं.

"पाठीपुरतं कापड उरलंय," बायको म्हणाली. "पण काठोकाठ. रेघेबाहेर सूतभर गेलं तर संपलं. माझा हात एवढा सरळ चालत नाही. तुम्ही कापा."

तिनं खडूनं रेघ आखली. पाठीवर उचललेली, मास्तरांनी जन्मात आखली नसती अशी. मास्तरांनी कात्री उचलली आणि बायकोच्या रेघेवरून चालवली. एवढं सुरेख त्यांनी कित्येक वर्षांत कापलं नव्हतं. शाबासकी मात्र तिलाच मिळणार, हेही कापताना त्यांच्या मनात येऊन गेलंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

कापून झालं. ते वळतात तो बायको हातात टेप घेऊन मागे उभी.

"तुमचाही कोट जुना झालाय. उभे राहा जरा."

मास्तरांनी सवयीनं छाती पुढे काढली, खांदे मागे ओढले.

"असे नव्हे हो. कुणी बघत नसताना उभे राहता तसे."

मास्तरांना क्षणभर कळेना की तसं उभं कसं राहतात. मग त्यांनी श्वास सोडला. आयुष्यभर टेबलावर ओणवं राहून उतरलेला उजवा खांदा आपोआप खाली आला. मान पुढे गेली. आरशात एक वाकडा म्हातारा दिसू लागला. त्याच्या पाठीवर बायकोचा हात सावकाश फिरत होता. तिला हे माप फार पूर्वीपासून ठाऊक असावं.

"जजसाहेबांच्यापेक्षा चांगला होईल ना?" मास्तरांनी आरशातूनच विचारलं.

"बघू," ती म्हणाली. "हलू नका."