पानिपतच्या बसची झेरॉक्स

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण जमलं नाही.

गाझियाबादच्या सायबर शाखेतलं ते माझं शेवटचं वर्ष. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे मी इकडेच वाढलो आणि इकडेच पोलिसात शिरलो. त्या सकाळी हवालदार आत आला. "सर, वो सिम वाली मैडम आ गई हैं. आपकी तरफ़ की हैं."

एका मोबाइल नंबरवरून बँकेच्या नावाने फोन करून लोकांना फसवलं जात होतं. तो नंबर ज्यांच्या नावावर होता, त्या बाईंना आमच्या शाखेने नोटीस पाठवली होती; नाव मी नीट पाहिलं नव्हतं. दारात त्यांना पाहून मी चपापलो. त्या आमच्या मराठी मंडळातल्या, एका केंद्रीय कार्यालयात नोकरीला.

"अय्या, भाऊ, तुम्ही आहात होय! मी उगाच घाबरले."

"इथे साहेब म्हणा," मी म्हणालो. ओळखीची म्हणून सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी जरा जास्तच कडक झालो.

"हा नंबर तुमचा?"

"नाही."

"आधार कोणाचं लागलंय?"

"आधार माझंच आहे. पण सिम मी नाही घेतलं. म्हणजे... तुम्ही म्हणताय तर घेतलंही असेल कधी. मला काही समजेनासंच झालंय, साहेब."

खोटं बोलणाऱ्याची उत्तरं सहसा आधीच नीट लावलेली असतात. यांची सगळी विस्कटलेली. हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं, तरी मी त्यांना चार तास बसवून ठेवलं.

त्यांची अडचण वेगळीच होती. पुण्यात आई अंथरुणाला खिळलेली. बदली जवळजवळ झालेली. फक्त व्हिजिलन्सचा, म्हणजे कुठलीही चौकशी चालू नसल्याचा, दाखला हवा होता, आणि आमची नोटीस नेमकी ऑफिसच्या पत्त्यावर गेली होती. "महिनाअखेरपर्यंत तुमचं पत्र नाही आलं तर जागा दुसऱ्याला देतील," त्या जाताना म्हणाल्या.

चार दिवसांनी खबऱ्याने टीप दिली. बाजारातला एक मोबाइलवाला दुसऱ्यांच्या नावावर चालू केलेली सिम विकत होता. छापा घातला, त्याला उचलून आणलं. दुपारपर्यंत तो "मुझे कुछ नहीं पता" यावरच अडून होता. मग चहा मागितला. चहा मागितला की माणूस बोलणार, हा माझा अनुभव.

"कागज़ कहाँ से लाता है?"

"साहब, गड्डी में मिलते हैं. पीछे फोटोकॉपी की दुकान से."

हवालदाराने गठ्ठा टेबलावर पसरला. बाईंच्या आधारची प्रत वरच होती. कोपऱ्यात हाताने काहीतरी लिहिलेलं.

"सर, ये क्या लिखा है? मराठी है क्या?"

'गुडघा दुखतो, पुढे बसवणे.'

अक्षर माझं होतं.

संक्रांतीला पानिपतला जाऊन स्मारकापाशी डोकं टेकवायचं, ही आमच्या मंडळाची रीत. त्या वर्षी बसची यादी माझ्याकडे होती. पोलीसवाला आहे, कागद सुरक्षित राहतील, म्हणून सगळ्यांनी आधारच्या प्रती निर्धास्त दिल्या. कुणाला खिडकी, कुणाला पुढची जागा, ते मी त्या प्रतींवरच लिहिलं आणि बाजारातल्या त्याच दुकानात त्यांची झेरॉक्स काढली. दुकानदाराने चुकून एक संच जास्त काढला. "फाड़ देना," म्हणून मी निघून आलो.

"कुछ नहीं, ऐसे ही कुछ लिखा है," मी हवालदाराला म्हणालो.

त्याच संध्याकाळी बाई निर्दोष असल्याचं पत्र मी लिहायला हवं होतं. फाइल नऊ दिवस कपाटात ठेवली. कागद कुणी पुरवले हे लिहावं लागेल, या भीतीने? की आणखी कशाने? मला ते आजही नीट सांगता येत नाही. बाईंचा दोनदा फोन आला. "प्रोसेस चालू आहे," मी म्हणालो. दहाव्या दिवशी पत्र पाठवलं, त्यात माझा उल्लेख नव्हता. तोवर महिना संपला होता. पुण्याची जागा दुसऱ्याला गेली.

तीन महिन्यांनी निवृत्त झालो आणि एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "अच्छा. आणि मी रोज आठवत बसायचे, की आपणच कुठे सही केली. वेड लागलंय का मला, असं वाटायचं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बसमध्ये आपण बेचाळीस जण होतो ना? बाकीच्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मग बसा. आत्ता लावा फोन."

आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा, अनोळखी असेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच जपून ठेवा. यापुढे प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी आणि कोणत्या तारखेला. हे मी प्रत्येकाला सांगत गेलो. नोकरीत हेच शेकडो लोकांना सांगितलं होतं. कागद फुटल्यावर हाताशी उरतो तो वेळ. बाईंचा वेळ मी कपाटात ठेवला होता, हे या प्रकरणाने मला शिकवलं.

सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच. "पण भाऊ, गेलं कुठून?"

पहिल्या दोघांना मी म्हणालो, "एका दुकानातून." बाई समोर बसून ऐकत होत्या. तिसऱ्या फोनवर तोच प्रश्न आला तेव्हा म्हणालो, "माझ्याकडून." मग पहिल्या दोघांनाही पुन्हा फोन लावला.