हवेतला फटका

कॅडीदादा माणसाच्या तोंडावर खरं बोलायचा आणि वर तांब्याभर पाणी प्यायचा, जसं काय कडू औषध त्यानंच घेतलंय. मुंबईत गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या काठ्यांची पिशवी उचलणारा कॅडी म्हणून त्याची उमर गेली. म्हातारपणी मोखाड्याकडच्या आमच्या पाड्यावर परतला तो जुनी पिशवी, एक लोखंडी काठी आणि थोडे मळके चेंडू घेऊन. भात कापून झालं की वरच्या माळावर पाच खड्डे खणायचा आणि आम्हा म्हाताऱ्यांना खेळायला उभं करायचा.

"ढोरांच्या माळावर साहेबाचा खेळ?" लोक हसायचे.

"ढोरं खाली बघून तरी चालतात," तो म्हणायचा.

फटक्याआधी डोळे मिटून तीन श्वास घ्यायला लावायचा. "चेंडू कुठं जात नाय. तू कुठं गेलास ते बघ." मी नेमका मनानं भावाच्या बांधावर भांडत असायचो, आणि त्याला ते कळायचं. आमच्यातल्या देवजीचा फटका वाकडा गेला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "घरी बायकोवर काढतोस तो राग चेंडूवर काढलास." देवजी आठ दिवस आला नाही. नवव्या दिवशी आला.

चेंडू पडला तिथूनच मारायचा. काठी चेंडूला न लागता हवेतून गेली तरी तो फटका धरायचा, आणि आकडा आपला आपण मोठ्यानं सांगायचा. सूट एकच. वाघदेवाच्या दगडापाशी चेंडू गेला तर देवासमोर लोखंड उगारायचं नाही, उचलून बाजूला ठेवायचा.

एकदा माझा चेंडू करवंदीच्या जाळीत पडला. मी तो उचलला, "देवापाशी गेला होता" म्हणालो, मोकळ्यावर ठेवला आणि जिंकलो. दुसऱ्या दिवशी मी काठी मागितली तर कॅडीदादानं पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

"साहेब लाथेनं चेंडू सरकवायचे. तू देवाला कामाला लावलास. आता पिशवी धर, भिवा."

"किती दिवस?"

"मी सांगंल तवर."

मी कोणापुढं वाकणारा माणूस नाही. पण तो खेळ मला लागला होता, आणि घरी बसलो असतो तर कॅडीदादा जिंकला असता. दोन हंगाम पिशवी धरली. रोज वाटायचं, आज काठी देईल. दिली नाही.

दुसऱ्या हंगामात त्याची नजर गेली. जव्हारला जीपनं मीच नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू, ऑपरेशन करा. त्यानं नाही म्हणून मान हलवली. परत येताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "पाड्यात सांगू नको." मी नाही सांगितलं. चेंडू कुठं आहे ते मागून हळूच सांगायचो, आणि तो दिसत असल्यासारखा चालायचा.

एका सकाळी शेवटच्या खड्ड्याजवळ त्याची काठी चेंडूच्या वरून गेली. लागली नाही हे हाताला कळलं असणारच. पुढच्या फटक्याला चेंडू आत.

"पाच," तो म्हणाला.

"सहा," मी म्हणालो.

सगळे वळले. "सहावा कुठला रं?"

"हवेतला. तुला दिसत नाय, दादा. जव्हारच्या डॉक्टरनं सांगितलंय."

देवजी मांडीवर थाप मारून हसला. "आम्हाला बघायला शिकवतो, नि आंधळा हाच." मीही हसलो.

"सहा. बरोबर हाय," कॅडीदादा म्हणाला. काठी माझ्या हातात दिली. "घे. खेळ." मग पायानं वाट चाचपत उतार उतरू लागला. मी धरायला गेलो तर त्यानं हात झटकला.

तो परत माळावर आला नाही. पावसात, नागली लावायच्या दिवसांत वारला.

माझा आकडा चुकला नव्हता, हे मी आजही कोणालाही सांगतो. तो सांगताना मला किती गोड लागलं होतं, ते मात्र अजून कोणाला सांगितलेलं नाही.