एप्रिल महिन्यात रडू नये

विचारलंच आहे तुम्ही तर सांगून टाकतो, पण तोंडातला चहाचा घोट आधी गिळून घ्या. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माणसाने कधी आणि कोणासमोर रडावं याला काही काळवेळ असते. ती मला पाळता आली नाही आणि त्यापायी जयपुरातून आमचं बिऱ्हाड उठायची पाळी आली. चूक एवढीच, की मी रडलो.

मी बँकेतला माणूस, म्हणजे बदलीचा माणूस. भोपाळ, गुवाहाटी, कोइमतूर करत जयपूरला आलो, बनी पार्कात भाड्याने घर घेतलं आणि जरा बूड टेकलं. थोरली इरा. तिने आजवर इतक्या शाळा बदलल्या, की नव्या शाळेत प्रार्थना कोणती चालली आहे हे ती शेजारच्या मुलीच्या ओठांकडे बघून ओळखायची. या एप्रिलात तिची बारावी सुरू झाली, आणि नेमकी तेव्हाच माझी इथली मुदत संपली. मी वर्षभराच्या मुदतवाढीचा अर्ज केला होता, उत्तर आलं नव्हतं. बदलीच्या ऑर्डरी एप्रिलातच निघतात. त्यामुळे फोन वाजला की मला वाटायचं, आली ऑर्डर. मग तो गॅसवाल्याचा का असेना.

त्यात धाकट्या मनूने हट्ट धरला, रोबोचं कार्टून बघायचंय. शुभांगी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, घेऊन जा तिला. घरात बसून फोनकडे टक लावण्यापेक्षा बरं." मी ऐटीत म्हणालो, "जातो. एसीमध्ये छान झोप काढतो."

झोप कसली काढताय. पडद्यावर एक बुटका, पोचे आलेला रोबो. त्याचं काम विमानतळावर हरवलेल्या बॅगा शोधून द्यायचं. गडी इमानदार. जरा कुठे लोकांशी जमलं, की कंपनी त्याला खोक्यात घालून दुसऱ्या विमानतळावर पाठवते, आणि पाठवण्यापूर्वी त्याची आठवण पुसून टाकते. एका ठिकाणी एक लहान मुलगी त्याच्या हाताला लाल रिबीन बांधते. पुन्हा खोकं, पुन्हा पुसणं. नव्या जागी तो जागा होतो, हातातल्या रिबिनीकडे बघत राहतो. कोणाची आहे ते त्याला ठाऊक नाही, पण कोणी सोडवायला आलं की हात मागे घेतो.

पोरं हसत होती, कारण त्यानंतर लगेच तो कचऱ्याच्या डब्याला सलाम ठोकतो. आणि मी? माझा बांध फुटला. साधं डोळे पाणावणं नव्हे हो, हुंदके.

मोठी माणसं या रोबोंना का भुलतात, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. खरा नट रडला तर आपण म्हणतो, त्याचं कामच आहे ते. पण या पत्र्याच्या रोबोला रडता येत नाही. तो आपला सांगितलेलं काम करत राहतो, वरून आलेला हुकूम मानतो. मग त्याच्या वाटणीचं रडणं कोणी करायचं? तिकीट काढून आलेल्या बापाने.

दिवे लागले. मागच्या रांगेत पाटणकर वहिनी, नातवाला घेऊन आलेल्या. पाटणकर विमा कंपनीतले, आमच्या मराठी मंडळाचे खांब.

"भाऊजी, काय झालं?"

"काही नाही वहिनी, धूळ गेली डोळ्यांत."

बंद थिएटरात धूळ. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि फार मायेने म्हणाल्या, "होतं सगळं व्यवस्थित." मला वाटलं, सुटलो. मनूला कुल्फी देऊन तिचं तोंड बंद केलं, आणि घरी सांगितलं, पोरकट सिनेमा, झोपलो मी.

दुसऱ्या दिवशी खुद्द पाटणकरांचा फोन. "काय मग, कूलरचं काय करताय?"

तुम्हाला आमच्या लोकांची रीत सांगायला हवी. बदली झालेल्याला कोणी थेट विचारत नाही की बदली झाली का. जखमेवर बोट ठेवल्यासारखं होतं ते. आधी कूलरची चौकशी करतात. जयपुरातले ते मोठाले लोखंडी कूलर ट्रकमधून न्यायला परवडत नाहीत, ते इथेच एका बिऱ्हाडाकडून दुसऱ्याकडे जातात. कूलर मागितला, म्हणजे तुम्ही चाललात.

आता इथे शहाणा माणूस हसला असता. पण पाटणकरांचा मेव्हणा आमच्याच बँकेच्या मुख्य कचेरीत आहे, मुंबईला. म्हणजे ऑर्डर निघाली? यांना कळलं आणि मला नाही? विचारलं तर वाईट बातमी कानावर येणार, म्हणून विचारलंच नाही. म्हणालो, "बघू."

घात केला त्या शब्दाने. नाही म्हणालो असतो तर विषय तिथेच मिटला असता.

संध्याकाळी घरमालक शर्माजी दारात, मागे एक नवराबायको. "साहब, आप तो आराम से रहिए. ये लोग बस बालकनी देख लेंगे." बालकनी बघायला आलेल्या बाईने स्वयंपाकघरातले नळ सोडून पाहिले. शुभांगी माझ्याकडे बघत राहिली.

शाखेत गेलो तर आमच्या मीनाजी हलक्या आवाजात, "सर, शॉल में आपको कौन-सा रंग ठीक लगेगा?" शाल! निरोप समारंभाची. म्हणजे शाखेतही पोहोचलं. माझी आता खात्रीच पटली. सगळ्या गावाला ठाऊक आहे, फक्त मला कळवायला बँक धजत नाहीये. जेवण जाईना. पहाटे उठून बदल्यांच्या जागांची नावं मनात घोळवत बसायचो आणि एकेका गावी बारावीची शाळा कशी असेल याचा घोर करायचो.

पण खरा घाव घरातच बसला. जेवताना इरा शांतपणे म्हणाली, "बाबा, सरळ सांगून टाका ना. मी होस्टेल बघून ठेवलंय. मतलब, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी राहीन एकटी."

घास हातातच राहिला. सतरा वर्षांची पोर माझी काळजी करत होती. मी ताटावरून उठलो आणि मुंबईला सावंतसाहेबांना फोन लावला. बदल्यांचं तेच बघतात. घाबरलो इतका होतो, की फोन स्पीकरवर आहे हे ध्यानातच आलं नाही.

"साहेब, माझी ऑर्डर निघाली का?"

"अहो, निघतेय. खरं तर तुमची मुदतवाढ मंजूरच व्हायची होती, कागद टेबलावर आहे माझ्या. पण कळलं, की तुम्ही कूलरसुद्धा देऊन टाकलात. म्हटलं, माणूस मनाने निघालाच आहे, तर कशाला अडवा? सिलिगुडीची जागा रिकामी आहे, तिथे घालतोय तुम्हाला."

पाटणकरांनी माझ्याकडून बातमी काढली, मेव्हण्याला दिली, त्याने साहेबांना. मी ज्या ऑर्डरीला घाबरत होतो, ती माझ्याच "बघू"तून तयार होत होती!

"साहेब, कूलर घरातच आहे. मला कुठे जायचं नाही. मुलीची बारावी आहे."

"मग त्या दिवशी थिएटरात ओक्साबोक्शी रडलात कशाला? लोकांनी पाहिलंय."

आता काय करता? एकीकडे अब्रू, एकीकडे पोरीचं वर्ष. डोळे मिटले.

"रोबोमुळे, साहेब."

"कोणामुळे?"

"कार्टूनमधला रोबो. त्याची सारखी बदली करतात, साहेब."

पलीकडून सावंतसाहेबांचा गंभीर आवाज, "पगाराच्या कुठल्या स्केलमध्ये होता?"

मग तेच म्हणाले, "ठीक आहे. पण मुदतवाढ हवी असेल तर हे लेखी द्या. शाखेमार्फत, रीतसर."

दिलं हो. बापाला लाज परवडत नाही. 'सदर अश्रू बदलीसंबंधी नसून चित्रपटासंबंधी होते' असं स्वतःच्या हाताने लिहिलं. मीनाजींनी न हसता त्यावर शिक्का मारला, मग जुन्या कागदांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यांचं हसू बाहेर काउंटरपर्यंत ऐकू आलं. दुपारपर्यंत मंडळात, संध्याकाळपर्यंत शर्माजींकडे. भाजीवाल्यानेही विचारलं, "साहब, अब तबीयत ठीक है?"

पण मुदतवाढ आली. पूर्ण वर्षाची. मी कागद नाचवत इराच्या खोलीत गेलो. "राहा निवांत. बारावी इथेच. होस्टेल वगैरे काही नाही."

तिने कागद वाचला, बाजूला ठेवला. "बाबा, एक विचारू? गुवाहाटी सोडलं तेव्हा मी ट्रेनमध्ये रात्रभर रडले होते. तुम्ही एकदा पण नाही रडलात. त्या पत्र्याच्या रोबोसाठी मात्र रडलात."

"तेव्हा सामान मोजत होतो गं."

"आणि कोइमतूर सोडलं तेव्हा?"

"तेव्हा ट्रकवाला हॉर्न देत होता."

"आणि आता?"

आता ना सामान होतं, ना ट्रक. मी तोंड फिरवलं, पण उशीर झाला होता.

दारातून मनू आत डोकावली आणि स्वयंपाकघराकडे वळून तिने वर्दी दिली, "आई, टॉवेल आण. बाबा फिरसे शुरू झाले."