काकाच्या अर्जातला ‘फॉर’

इंग्रजी वाक्य ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘विथ’ असल्या चिल्लर शब्दांनी संपवायचं नाही, हा संस्कार आमच्या घरात शुभंकरोतीच्या जोडीनं झाला. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि साहेबांची पत्रं तेच लिहीत. असं वाक्य म्हणजे पायजम्याची नाडी बाहेर लोंबल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

नागपुरात, महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी कुणी ना कुणी अर्ज घेऊन यायचं. बाबा चष्मा पुसत, लाल पेन्सिल काढत आणि मला हाक मारत. माझं काम ठरलेलं. पूर्णविराम दिसला की त्याच्या आधीच्या शब्दावर बोट ठेवायचं आणि तो मोठ्यानं वाचायचा. अर्थ काही कळत नसे, मी चौथीत होते. पण ‘फॉर’ हाती लागला की बाबा मांडीवर थाप मारून “सापडला चोर” म्हणत, आणि आलेला माणूस कसनुसं हसे. मग त्याच संध्याकाळी बाबा स्वतःच्या वळणदार अक्षरात पक्की प्रत लिहून देत. त्या संध्याकाळी मला अजून हव्याशा वाटतात. एवढा मान मला पुढे कुठल्याच नोकरीत मिळाला नाही.

काकाच्या अर्जातला चोरही मीच पकडला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. भिवापूरला आजोबांसोबत मिरचीची शेती पाहायचा, आणि पदवीधर होता. नागपुरात कारकुनाची जागा निघाली, तेव्हा त्यानं अर्ज लिहून पोस्टानं बाबांकडे तपासायला पाठवला. शेवटच्या वाक्याच्या टोकाला ‘फॉर’ होता. बाबांनी लाल खुणा करून कागद परत धाडला. दुरुस्त होऊन आला, पुन्हा धाडला. तिसऱ्या खेपेला तो भिवापूरला पोचेपर्यंत मुदत टळली होती. काका शेतीवरच राहिला. भांडण काही झालं नाही. फक्त बाबांनी लोकांचे अर्ज तपासणं बंद केलं, आणि दरवर्षी काका मिरची घेऊन आला की त्यांना नेमकं बाहेर काहीतरी काम निघू लागलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई स्वयंपाकघरात पुटपुटायची. मीही तेच मानत मोठी झाले.

पुढे मी इंग्रजीच शिकवायला लागले, आणि कळलं की असा काही नियमच नाही. इंग्रज लोक खुशाल ‘फॉर’वर वाक्य संपवतात. मला बाबांचा भयंकर राग आला. नसलेल्या नियमापायी यांनी एका माणसाची नोकरी घालवली! पण बाबा आता शहाऐंशीचे, मनीषनगरला माझ्याकडेच असतात. सांगून काय मिळणार, म्हणून गप्प बसले.

गेल्या संक्रांतीला काका आला. सगळे चहाला बसलो होतो, आणि बाबांनी माझ्या मुलीच्या हातातला नोकरीचा अर्ज ओढून घेतला. शेवटी ‘विथ’ नको, म्हणाले. माझा तोल गेला. काकासमोरच, आवाज चढवून, मी मनातलं सगळं ओकून टाकलं.

बाबांनी कप खाली ठेवला. ते काकाकडे वळले.

“‘फॉर’नं कोनाचा अर्ज अडत नाही, हे मले तवाच माहीत होतं गा. म्या मुद्दाम अडवला. तू इकडं आला असता तं बापाजवळ मले वापस जा लागलं असतं.”

इतकी वर्षं मी त्यांना हेकट समजत होते. त्यापेक्षा हेकटपणा परवडला असता.

काकानं बशीतला चहा संपवला.

“मले बी माहीत होतं, भाऊ. तिसऱ्यांदा तू जे वाक्य खोडलं, ते दुसऱ्या खेपेले तूच लिहून देल्लं होतं.”

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

“मंग बोलला काहून नाही?”

“काय बोलू? तू मोठा होता. एकडाव तोंडानं म्हनाचं होतं, ‘तू थांब’. म्या थांबलोच असतो.”