तापाची स्कॉलरशिप

बी.एस्सी.ला मी कॉलेजात गणितात पहिली आले आणि त्याच आठवड्यात आत्याने माझ्यासाठी आर्वीचं स्थळ आणलं. सेलूजवळच्या आमच्या गावातून एम.एस्सी.साठी नागपूरला राहायचं, तर तो खर्च बाबांना झेपणारा नव्हता. बाबांनी आत्याला सांगून टाकलं, "स्कॉलरशिप भेटली तं शिकन. नाई भेटली तं दिवाळीनंतर लगन." मला कोणी विचारलं नाही, पण मी मनातून खूश होते. गणिताची स्कॉलरशिप, म्हणजे गणितच विचारणार. मग भ्यायचं कशाला? त्या वयात मी फार शिष्ट होते.

स्कॉलरशिप हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींची होती. दरवर्षी गणित शिकणाऱ्या एकाला ते ती द्यायचे. मुलाखत त्यांच्या घरच्या बैठकीतच. गादीवर शेठजी आणि त्यांचे दोन म्हातारे मित्र, समोर सतरंजीवर मी आणि बाबा. बस स्टँडपासून उन्हात पायी आलेलो. जुलैच्या उकाड्यात बाबांनी लग्नातला कोट चढवला होता.

शेठजी म्हणाले, "गणित ना बेटा तुझं? मग औटकी म्हणून दाखव."

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. जुन्या लोकांना असले पाढे झोपेतही यायचे. आमच्या वेळेपर्यंत ते शाळेतून गेले होते, तसं मी सांगितलं. "बरं, पाऊणकी?" तीही येत नव्हती. "दिडकी तरी?" दिडकी मी सुरू केली आणि निम्म्यातच अडखळले. एक मित्र दुसऱ्याकडे बघून हसला. "ही पहिली आली म्हणता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, मी अनंत श्रेणींच्या बेरजा करते, असं सांगावंसं वाटत होतं. आर्वीचं स्थळ डोळ्यांपुढे येऊन बसलं.

तेवढ्यात बाबा बोलले, "साहेब, पोरीले ताप आहे. काल रातपासून फणफणून राह्यली. मी म्हटलं नोको जाऊ, तं आयकत नाई."

बाबांना खोटं बोलता येत नाही, हे आमच्या साऱ्या गावाला ठाऊक होतं. बोललेच तर त्यांचे कान लाल व्हायचे. तेव्हाही झाले. मला कुठं ताप होता? पण मी मान खाली घातली.

शेठजींनी शेठाणींना आतून बोलावलं. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. मी उन्हातून आलेली, त्यात शरमेने तापलेली. हात काढताना त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गरम है. बच्ची को सताओ मत."

अशी मला गणिताची स्कॉलरशिप तापावर मिळाली.

पुढची दोन वर्षं स्कॉलरशिप घ्यायला हिंगणघाटला गेले, की शेठजी विचारायचे, "तब्येत कशी आहे?" शेठाणी डिंकाचे लाडू बांधून द्यायच्या. ते मी हॉस्टेलमध्ये मैत्रिणींना वाटून टाकायची. मी औटकी पाठ केली, पाऊणकी केली, दिडकी तर उलटीसुद्धा. एकदा विचारा, फक्त एकदा, म्हणून प्रत्येक वेळी तयारीनिशी जायची. पण आजारी पोरीला कोण छळणार? शेठजींनी पुन्हा कधी काही विचारलं नाही. एम.एस्सी.त पहिला वर्ग मिळाला, तेव्हा ते चार लोकांसमोर म्हणाले, "बघा, एवढ्या आजारपणात!" शेजारी बाबा उभे होते. मी त्यांच्या कानांकडे पाहिलंच नाही.

मग मी वर्ध्याला कॉलेजात शिकवायला लागले. गाव तासाभराच्या अंतरावर, पण पेपर तपासणं, परीक्षा, काही ना काही असायचंच. आई गेल्यावर बाबा एकटेच राहत. एका पावसाळ्यात शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात आणून टाकलं आणि मला निरोप धाडला. मलेरिया डोक्यात चढला होता.

डॉक्टर मला विचारू लागले. ताप कधीपासून आहे? आधी कोणती गोळी दिली? जेवतात का? रात्री सोबतीला कोण असतं?

"बघते, शेजाऱ्यांना विचारून सांगते," असं काहीतरी पुटपुटले. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही मुलगी ना यांची?"

खाटेवरून बाबांचा हात पुढे आला. त्यांनी डॉक्टरांची बाही धरली. डोळे धड उघडत नव्हते.

"तिले काही इचारू नका, साहेब," ते म्हणाले. "पोरीले ताप आहे."