एकशे अठरावी चौकट

लालबागच्या दौलत घाडीगावकरांनी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला, काम आटलं आणि दौलत एका टॉवरच्या गेटवर वॉचमन झाले. म्हणूनच परळच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या ऋता नवलकरबाई त्यांना शोधत आल्या, तेव्हा त्यांना खरंच वाटेना. प्रयोगशाळेच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता रंगवून हवा होता.

"कागदी तक्ते दरवर्षी फाटतात हो," बाई म्हणाल्या.

दौलतनी रजा टाकली. सोनं, तांबं, लोखंड, शिसं ही ओळखीची मंडळी भराभर भिंतीवर उतरली. नवव्या दिवशी शेवटची चौकट उरली. एकशे अठरा, ओगानेसन.

"हे कुठल्या खाणीत मिळतं, बाई?"

"कुठल्याच नाही. माणसांनी बनवलंय. कॅल्शियमचा एका जड धातूवर महिनोन्‌महिने मारा केला. आपल्या चुन्यात असतं ना, तेच कॅल्शियम, जरा वजनदार."

"मग निघालं किती? तोळाभर?"

"आजवर सगळे मिळून पाच-सहा अणू. तेही पापणी लवायच्या आत नाहीसे झाले."

दौलतनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"म्हणजे आत्ता, या घडीला, जगात कुठंच नाही?"

"बहुतेक कुठंच नाही."

"आणि हे नाव?"

"एका शास्त्रज्ञांचं. ते हयात असतानाच दिलं."

दौलतनी ब्रश पुन्हा उचलला. चहा, चपला, पिठाची गिरणी... त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक पाटीमागे हात लावता येईल असं काहीतरी होतं. इथं मागे काहीच नव्हतं, तरी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून ते येताना-जाताना पाहिलं होतं. त्या पाच अक्षरांना त्यांनी अख्खी दुपार घेतली. 'ने'ची मात्रा त्यांना किंचित कलती वाटली. पुसून पुन्हा काढली.

शनिवारी त्यांनी बायकोला, रखमाला, शाळेत आणलं. सोन्याची चौकट तिनं बघितली न बघितली. दौलतनी तिला थेट कोपऱ्यातल्या शेवटच्या चौकटीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं.

"मगे आता खंय आसा ता?" तिनं मालवणीत विचारलं.

"खंयच नाय."

रखमानं चष्मा सारखा केला, भिंतीजवळ वाकली आणि एकेक अक्षर सावकाश वाचू लागली.